मवाळ माणसाचं एकटं मत

मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी निवडणुकीचा विषय निघाला, की एखाद्या उमेदवाराबद्दल कुणीतरी म्हणतंच, "तो काय, मवाळ आहे!" सूर असा, की बिचाऱ्याला कणाच नाही. गोखल्यांच्या काळापासून या शब्दाला हिणवण्याचा वास चिकटलेला आहे. याच गोखल्यांनी १९०१ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात जमीन महसूल विधेयकावरून फिरोजशहा मेहतांबरोबर सभात्याग केला होता, हे मात्र आपण विसरतो. मवाळ म्हणजे लेचापेचा नव्हे, एवढंच मला सांगायचं आहे. त्यासाठी साक्षीदार आणतो तो आपल्या ऑरेगनचाच: मार्क हॅटफील्ड.

हॅटफील्ड सेलमच्या विलॅमेट विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत. पक्ष रिपब्लिकन. १९५९ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते ऑरेगनचे गव्हर्नर झाले आणि आठ वर्षं त्या पदावर राहिले. इथला गव्हर्नर म्हणजे राजभवनातला राज्यपाल नव्हे, तो आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा. सही त्याची, आणि तिचं पापपुण्यही त्याचंच.

त्या सहीचं ओझं किती असतं ते देहदंडाच्या प्रश्नात दिसलं. हॅटफील्डांचा देहदंडाला तत्त्वतः विरोध होता. तरी १९६२ साली त्यांनी एका कैद्याची शिक्षा माफ केली नाही. देहदंडाची तरतूद ऑरेगनच्या राज्यघटनेतली, ती बदलायची तर मतदारांनी, अशी त्यांची भूमिका. १९६४ साली मतदारांनी ती रद्द केली, तेव्हा त्यांनी उरलेल्या कैद्यांचे देहदंड ताबडतोब कमी केले. त्यांचा पहिला निर्णय मला आजही पटत नाही. पण स्वतःचं मत आणि पदाची मर्यादा यांच्यात होणारी ओढाताण त्यांनी लपवली नाही, हे मान्य करावं लागतं.

त्याच १९६४ साली सॅन फ्रान्सिस्कोत रिपब्लिकन अधिवेशन भरलं. पक्ष राष्ट्राध्यक्षपदासाठी गोल्डवॉटरांच्या मागे उभा राहिलेला, हवा कडव्यांची. बीजभाषण हॅटफील्डांचं होतं. त्यात त्यांनी कम्युनिस्ट आणि कू क्लक्स क्लान यांच्या बरोबरीने कडव्या उजव्या जॉन बर्च सोसायटीचंही नाव घेऊन अतिरेकी विचारांचा धिक्कार केला. पहिल्या दोन नावांना कुणाचीच हरकत नव्हती. तिसऱ्या संघटनेची माणसं मात्र पक्षातच होती.

मग आलं व्हिएतनाम. १९६६ साली गव्हर्नरांच्या राष्ट्रीय परिषदेत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या युद्धधोरणाला पाठिंबा देणारा ठराव आला. बाजूने ४९, विरोधात एक. तो एक म्हणजे हॅटफील्ड, आणि त्याच वर्षी ते सेनेटची निवडणूक लढवत होते! युद्धाविरुद्ध बोलणं तेव्हा लोकप्रिय नव्हतं. ते निवडून आले, पण फार मोठ्या फरकाने नाही.

युद्धविरोधाचा हा हट्ट पुस्तकी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. इवो जिमा आणि ओकिनावा त्यांनी पाहिलं होतं, आणि बॉम्ब पडल्यानंतर थोड्याच आठवड्यांत हिरोशिमाही. १९७० साली मॅकगव्हर्न या डेमोक्रॅट सहकाऱ्याबरोबर त्यांनी व्हिएतनाममधून सैन्य माघारी आणण्याची दुरुस्ती मांडली. व्हाइट हाउसमध्ये तेव्हा त्यांच्याच पक्षाचे निक्सन होते. दुरुस्ती ५५ विरुद्ध ३९ अशी पडली.

इथे कुणी विचारेल, पडणाऱ्या मतांचं कौतुक काय करायचं? प्रश्न रास्त आहे, पण सगळीच मतं पडली नाहीत. १९८२ साली त्यांनी एडवर्ड केनेडींबरोबर अण्वस्त्रं गोठवण्याचा प्रस्ताव आणला. पुढे १९९२ साली अणुचाचण्या तात्पुरत्या थांबवणाऱ्या तरतुदीमागे जी माणसं उभी राहिली, त्यांत ते होते. त्या सप्टेंबरनंतर अमेरिकेने एकही अणुस्फोट चाचणी केलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हॅटफील्डांना एकटं उभं राहणं परवडत होतं, कारण खर्चाच्या वाटपाची सेनेट समिती बराच काळ त्यांच्या हातात होती. पोर्टलंडच्या हलक्या रेल्वेपासून इथल्या वैद्यकीय विद्यापीठापर्यंत केंद्राचा पैसा त्यांनी राज्यात आणला. मतदार त्यांच्या सद्सद्विवेकाला भुलले की निधीला? मला वाटतं, दोन्हीला. त्यांचे हातही अगदी धुतल्या तांदळासारखे नव्हते. भेटवस्तूंची नोंद न केल्याबद्दल १९९२ साली सेनेटच्या नीती समितीने त्यांच्यावर ठपका ठेवला. त्यांना देव्हाऱ्यात बसवायला मी निघालेलो नाही.

तरीही १९९५ चा प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंदाजपत्रक समतोल ठेवणं बंधनकारक करणारी घटनादुरुस्ती सेनेटपुढे होती. नव्याने बहुमत मिळालेल्या रिपब्लिकनांचं ते लाडकं वचन. दोन तृतीयांश मतांना एक मत कमी पडत होतं. आकडा जुळत नाही हे पाहून नेते बॉब डोल यांनी डावपेच म्हणून आपलं मत फिरवलं. तत्त्वाने विरोधात गेलेले रिपब्लिकन एकटे हॅटफील्ड. दबाव इतका होता की त्यांनी राजीनामा देऊ केला, म्हणजे गरजेची मतसंख्या खाली येईल. डोल यांनी तो नाकारला. नंतर पक्षातल्या तरुण सदस्यांनी त्यांचं समितीचं अध्यक्षपद काढून घ्यायची मागणी केली, तीही टिकली नाही. मत मात्र त्यांनी बदललं नाही.

कुंपणावर बसणारा माणूस वारा पाहून उतरतो. हॅटफील्ड कुंपणावर कधी बसलेच नाहीत. गर्भपाताच्या प्रश्नावर ते उजवीकडे, युद्धाच्या प्रश्नावर डावीकडे, आणि दोन्हींमागे जीव वाचवण्याची एकच श्रद्धा होती. मवाळपणा होता तो त्यांच्या वागण्यात. विरोधकाबरोबर एकाच कागदावर सही करायला त्यांना कमीपणा वाटत नसे. पाच वेळा सेनेटवर निवडून येऊन, तीस वर्षांनी, १९९७ च्या जानेवारीत ते न हरता निवृत्त झाले.

मंडळाचा अंक कुणाच्या प्रचारासाठी नाही, आणि हा लेखही नाही. पण आपल्यातल्या ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं आहे, त्यांच्या घरी मतपत्रिका टपालाने येते आणि तिच्याआधी उमेदवारांची माहितीपुस्तिका. ती रद्दीत टाकू नका. उमेदवार जहाल की मवाळ, हे नंतर ठरवा. आधी एवढं शोधा, की या माणसाने स्वतःच्या लोकांविरुद्ध शेवटचं मत कधी दिलं, आणि त्याची काय किंमत मोजली.