वाटेवरच्या गावी एक मुक्काम

मुंबईहून उत्तरेकडे निघालेली गाडी भुसावळ सोडते, केळीच्या बागांमधून रावेर मागे टाकते आणि थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर स्थानकात येते. दोन-चार मिनिटांच्या थांब्यात चहावाल्याला हाक मारली जाते, पाण्याची बाटली घेतली जाते आणि गाडी सुटते. महाराष्ट्रातील किती पिढ्या काशीयात्रेला, दिल्लीला, आग्र्याला जाताना या स्थानकावरून गेल्या असतील, याची गणती नाही. उतरणारे मात्र थोडे. ताजमहाल पाहण्यासाठी निघालेल्या प्रवाशालाही हे क्वचितच ठाऊक असते, की ज्या मुमताजमहलसाठी तो उभारला गेला, तिचे निधन १६३१ मध्ये याच गावी झाले आणि आग्र्याला नेईपर्यंत सुमारे सहा महिने तिचे दफन येथेच, तापीच्या पैलतीरावरील आहूखान्यात होते.

आपल्याकडे पर्यटनाची एक ठरावीक रीत पडून गेली आहे. आधी यादी करायची, मग यादीतील प्रत्येक ठिकाणापुढे खूण करायची. किल्ला झाला, मंदिर झाले, सूर्यास्ताची जागा झाली, चला पुढे! भ्रमणध्वनीतील छायाचित्रांनी ही घाई अधिकच वाढवली आहे. मोठ्या, विख्यात स्थळी ही रीत कशीबशी निभावून जाते, कारण तेथे एखादी भव्य वास्तू हेच आकर्षण असते आणि तिचे दर्शन झाले की येण्याचा हेतू बऱ्याच अंशी सफल होतो. छोट्या शहराचे तसे नसते. तेथे वास्तू आणि वस्ती एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात, की वस्तीची ओळख झाल्याखेरीज वास्तूचा अर्थच लागत नाही. अशी गावे दुपारच्या दोन तासांत उरकणाऱ्याच्या पदरी उन्हात तापलेल्या भिंती आणि बंद दारे यांवाचून दुसरे काही पडत नाही. तो परत येऊन सांगतो, ‘तेथे बघण्यासारखे काही नाही.’ हा निर्णय गावावर अन्याय करणारा असतो. त्या गावी किमान एक रात्र काढावी, एवढीच वाजवी मागणी आहे.

बुऱ्हाणपूरचेच उदाहरण पाहावे. फारुकी सुलतानांनी वसवलेले आणि पुढे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मोठे ठाणे झालेले हे शहर. मराठ्यांच्या इतिहासात ते वारंवार डोकावते. पुरंदरचा तह घडवून आणणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये येथेच वारले. त्यांची छत्री शहराजवळ आहे. संभाजीमहाराजांच्या कारकिर्दीच्या प्रारंभी, १६८१ मध्ये, मराठी फौजांनी याच शहराच्या श्रीमंत पेठांवर घाला घातला. तापीकाठच्या शाही किल्ल्याची पडझड झाली असली, तरी त्यातील हमामखान्याच्या छतावरील रंगकाम आजही नजर खिळवून ठेवते. भर वस्तीतील जामा मशिदीत तर एक दुर्मीळ गोष्ट पाहायला मिळते. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या या मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे आणि त्यात बांधकामाचा काळ आपल्या पंचांगाच्या रीतीने नोंदवलेला आहे. ज्या राज्यकर्त्याने तो कोरवून घेतला, त्याला आपल्या प्रजेशी कोणत्या भाषेत बोलायचे आहे याचे नेमके भान होते.

पण या शहराचे खरे वैभव जमिनीखाली आहे. सातपुड्याच्या उतारांवर पडणारे पावसाचे पाणी मुरत मुरत तापीच्या दिशेने वाहते. सतराव्या शतकाच्या प्रारंभी, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या सुभेदारीत, हा वाहता झरा भूगर्भातच अडवून बोगद्यांच्या वाटेने शहरात आणण्यात आला. बोगद्याच्या माथ्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडे ठेवलेली आहेत; त्यांना कुंड्या म्हणतात. हवा खेळती राहावी आणि साफसफाईसाठी माणसाला उतरता यावे, ही त्यांची योजना. ना मोट, ना रहाट, ना पंप. केवळ उताराच्या आधाराने पाणी वाहत राहते. या व्यवस्थेला कुंडी भंडारा म्हणतात. पाण्यातील लालसर छटेमुळे तिला खूनी भंडारा असेही नाव पडले, असे सांगितले जाते. हिंदीतील दोह्यांमुळे घरोघरी पोहोचलेला कवी रहीम तो हाच खानखानान. पाण्यावरचा त्याचा दोहा शाळेच्या पुस्तकातून अनेकांना भेटलेला असतो. एका कुंडीत उतरण्यासाठी उद्वाहनाची सोय करण्यात आली होती. ती चालू असेल तेव्हा खाली उतरावे. चार शतकांत साचलेल्या क्षारांनी भिंती पांढऱ्या झालेल्या, पायाशी थंड पाणी आणि वर आकाशाचा वाटोळा तुकडा, असे ते दृश्य असते. मार्च २०२४ मध्ये या भंडाऱ्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, ही आनंदाची बाब होय.

तथापि, येथेच एक काळजीचा मुद्दा उपस्थित होतो. हेच क्षार बोगद्याची वाट अरुंद करीत असतात. वरची जंगले विरळ झाली, जागोजागी विंधनविहिरी खोदल्या गेल्या, कुंड्यांच्या कडेने बांधकामे उठली, की खालचा प्रवाह क्षीण होणारच. अशी जिवंत व्यवस्था केवळ फलक लावून आणि कुंपण घालून जपता येत नाही. तिच्याभोवती राहणाऱ्यांना ती जपण्यात आपले हित दिसावे लागते. सकाळी मोटारीने येऊन, घरून आणलेले डबे खाऊन, रिकाम्या बाटल्या मागे ठेवून संध्याकाळी परतणारा पाहुणा गावाला काय देतो? मुक्काम करणारा मात्र खोलीचे भाडे देतो, न्याहारी करतो, रिक्षा करतो, बाजारात रेंगाळतो, दुसऱ्या दिवशी एखाद्या कारागिराच्या दारात बसतो. हा पैसा थोडा असतो, पण तो गावातच फिरतो. चार घरांना पाहुण्यांमुळे मिळकत होऊ लागली, की कुंडीच्या तोंडावर कचरा टाकणाऱ्याला हटकणारा माणूस गावातच तयार होतो. सरकारी पहारेकऱ्यापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

शिवाय रात्र काढली तरच शहराची चव कळते, हेही सांगितले पाहिजे. बुऱ्हाणपूरची माव्याची जिलबी काळपट, जाड आणि खमंग असते. ओळखीच्या केशरी जिलबीशी तिचे फारसे नाते नाही. दराबा नावाची मिठाई तर या गावाबाहेर विचारूनही सहजी मिळत नाही. आणि मांडे! मराठी माणूस एरवी मनातच मांडे खातो. येथील गल्ल्यांमध्ये ते हातावर फिरवून, रुमालासारखे पातळ करून, समोर भाजून दिले जातात.

वाटेवर असूनही दुर्लक्षिलेल्या गावांत सावंतवाडीची गणना करावी लागेल. गोव्याला निघालेल्या मोटारी महामार्गाने सरळ पुढे जातात. फार तर लाकडी फळांची एखादी परडी घेण्यापुरते कोणी आत वळतो. मोती तलावाच्या काठी संध्याकाळी बसल्याशिवाय हे गाव उलगडत नाही. चितारआळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून फळे आणि खेळणी घडतात, रंगतात. राजवाड्यात गंजिफा रंगवल्या जातात. गंजिफा म्हणजे हाताने चितारलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफांच्या संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा असे १२० पत्ते असतात. विसाव्या शतकात ही कला लोपण्याच्या बेतात असताना तेथील राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्याची विद्या नव्या हातांत उतरवली, म्हणून ती आज पाहायला मिळते.

विशेष म्हणजे सावंतवाडीच्या या गोल पत्त्यांचे भावंड देशाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. पश्चिम बंगालच्या बांकुडा जिल्ह्यातील विष्णुपूर या गावी दशावतार ताश बनतात. तेथेही अवतार दहा आणि पत्ते १२०. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, त्यावर खडूचा लेप देऊन हे पत्ते घडवतात आणि बुद्धाच्या जागी जगन्नाथ चितारतात. विष्णुपूर हे मल्ल राजांचे गाव. परिसरात इमारतीजोगा चांगला दगड नाही, तेव्हा तेथील कारागिरांनी मातीच्याच भाजलेल्या फरशांवर रामायण, महाभारत आणि रासलीला कोरून सतराव्या शतकात मंदिरे उभी केली. उणिवेतून निर्माण झालेले असे सौंदर्य क्वचितच आढळते. हिंदुस्थानी संगीतातील ध्रुपदाचे एक घराणेही याच गावाच्या नावाने ओळखले जाते आणि बालुचरी साड्यांचे माग येथे चालतात.

मराठी पाहुण्याची विष्णुपुरात जरा कुचंबणा होते, हे मात्र खरे. दलमादल नावाची एक प्रचंड लोखंडी तोफ तेथे आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा विष्णुपूरच्या मदनमोहन देवाने स्वतः ही तोफ डागून मराठ्यांना पिटाळले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. आपल्या ‘बारगीर’ या शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि तो शब्द मुलांना भीती घालणाऱ्या अंगाईगीतात जाऊन बसला. शाळेत शिकलेला पराक्रम दुसऱ्या गावाच्या आठवणीत कोणत्या रूपाने उरतो, हे तेथे उभे राहून ऐकण्यासारखे आहे. स्थानिक माणूस ही कथा हसत हसत सांगतो आणि चहा पाजतो.

सर्वच लहान गावे रम्य असतात, असा भाबडा समज मात्र बाळगू नये. अनेक ठिकाणी निवासाची सोय बेताची असते, उघडी गटारे असतात, चौकाचौकांत फलकांची गर्दी असते. पर्यटनविकास म्हणजे कारंजे, रंगीत दिवे आणि प्रवेशद्वारी ‘आय लव्ह’ अशी अक्षरे, अशीही एक समजूत नगरपालिकांमध्ये रूढ झाली आहे. आपल्या गावावरचे प्रेम व्यक्त करण्यास परक्या भाषेचा आधार का लागावा, हे कोडेच आहे. त्याऐवजी दोन स्वच्छ निवासस्थाने, एक चांगले स्वच्छतागृह आणि गावाची माहिती असलेला एक बोलका मार्गदर्शक, एवढ्यावर बरेच काही साधता येईल. दुसऱ्या बाजूने, गर्दीचा लोंढा एकाच गावी लोटला तर काय होते, हे सुट्टीच्या दिवशी लोणावळा-महाबळेश्वरच्या वाटेवर अडकलेल्यांना सांगायला नको. पाहुणे अनेक गावांत विखुरले, तर कोणत्याच गावाला त्यांचा भार होणार नाही.

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालवलेल्या कुटुंबांना ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. नकाशात शोधावे लागणाऱ्या गावी बदलीचा हुकूम येतो तेव्हा घरात नाराजी पसरते. तीन वर्षांनी तेच गाव सोडताना पाय निघत नाही. पर्यटकाला तीन वर्षे मिळत नाहीत, पण दोन दिवस तर काढता येतात. जाण्यापूर्वी गावाचा आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारून घ्यावे, मागावर किंवा चिताऱ्याकडे काम कोणत्या वेळी चालते ते पाहावे आणि वस्तू घ्यायचीच तर घडवणाऱ्याकडून घ्यावी. गंजिफांचा संच घेतला, तर खेळाचे नियमही समजून घ्यावेत. जुन्या रीतीप्रमाणे दशावतारी डाव दिवसा मांडला तर रामापासून सुरू होतो. रात्री मांडला तर कृष्णापासून.