अक्कलदाढ आणि तंबाखूची चिमूट

मागच्या पावसाळ्यात कुंभवलीच्या एका चाळीत एका मुलीचा गाल सुजला. वय एकोणीस, एमआयडीसीत पॅकिंगला जाते. आई म्हणाली, "ताई, काही नाही, अक्कल येतेय तिला." सगळे हसले. आम्ही तोंड उघडायला सांगितलं, तर एक बोटही आत जाईना. चार दिवस ती मेडिकलमधल्या दुखण्याच्या गोळ्यांवर होती. आजीने दाढेवर तंबाखूची चिमूट धरायला लावली होती. खाडा पडला की पगार कापतात, म्हणून तशीच कामावर जात होती.

या दाढेचा अकलेशी संबंध नाही. साधारण 17 ते 25 वयात, बाकीचे दात आल्यावर ती येते, एवढंच. तोवर जबड्यात जागा उरलेली नसते. मग ती आडवी होते, अर्धी हिरडीखाली अडकते. तिथे अन्न साचतं, पू होतो. सूज चावण्याच्या स्नायूंपर्यंत गेली की तोंड उघडत नाही.

जागा का उरत नाही? दातांचा आकार बराचसा आईबापाकडून येतो, पण जबडा वाढीच्या वयात चावण्यानेही घडतो. आमच्या आज्यांनी भाकरी, फुटाणे, ऊस खाल्ला. आमची पोरं चहात बुडवलेल्या बिस्किटावर वाढतात. लहानग्यांना चावायला जरूर द्या, पण एकोणीस वर्षांच्या मुलीची अडकलेली दाढ ऊस खाऊन सरळ होत नाही.

"तुमच्या लोकांचे जबडेच तसे," असं एका दवाखान्यात आम्हाला ऐकवलं गेलं. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात नाकांची मापं तपासूनच अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ही समजूत खोडून काढली होती. जबड्याचं माप घेऊन जात सांगणाऱ्याला आम्ही हेच उत्तर दिलं.

दाढ काढली की नजर जाते, हेही खोटं. मात्र सरळ आलेली, न दुखणारी दाढ काढायची गरज नसते. कुणी घाई केली तर एक्स-रे पाहून कारण विचारा.

घरातल्या पुरुषांकडेही बघा. तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत. दुखत नाही, पण तिखट झोंबतं आणि तोंड महिनोन्‌महिने आखडत चाललंय, तर ती दाढ नव्हे, सुपारी-गुटख्याची करणी आहे. त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पुड्या मात्र नाक्यावर मिळतात.

ताप, जबड्याखालून मानेकडे उतरणारी सूज, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यातलं काही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

त्या मुलीला आम्ही पहाटेच्या लोकलने मुंबई सेंट्रलजवळच्या नायर दंत महाविद्यालयात नेलं. आधी सूज उतरवली, मग दाढ काढली. चार खाडे पडले. पगारातून ईएसआय कापत असतील, तर आजारपणाच्या दिवसांचा बराचसा पगार नियमाप्रमाणे मिळू शकतो. तिच्या पगाराच्या पावतीवर कपात होती, पण कार्ड तिच्या हातात कधी दिलंच नव्हतं. आता ती आणि तिच्या लाइनवरच्या सहा मुली ठेकेदाराकडे ते मागताहेत.