चूक मुलीची की रस्त्याची?

शाळा सुटायची वेळ. फाटकासमोर स्कूटर, रिक्षा, मोटारी यांची नेहमीचीच रेटारेटी. परवा माझ्या डोळ्यांदेखत दुसरी-तिसरीतली एक मुलगी रस्ता ओलांडताना स्कूटरचा धक्का लागून पडली. नशिबाने गुडघ्यावरच निभावलं. धावत आलेल्या आईने आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, ''डोळे कुठे असतात गं तुझे?'' स्कूटरवाला केव्हाच पसार झाला होता. जमलेले पालक म्हणाले, ''हल्लीच्या मुलांचं लक्षच नसतं.'' मीही मान डोलावली.

घरी आल्यावर मात्र मनाला टोचणी लागली. चूक खरंच त्या मुलीची होती का? हाच प्रश्न ५० वर्षांपूर्वी हॉलंडमधल्या आईबापांनी विचारला आणि आपल्या शहरांचं रूप पालटायला लावलं.

हॉलंड म्हटलं की आपल्याला 'सिलसिला'तल्या ट्यूलिपच्या बागा आणि निवांत चालणाऱ्या सायकली आठवतात. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सुबत्ता आली, तशा मोटारीही वाढल्या. रस्ते रुंद करण्यासाठी जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या. एकट्या १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुलं होती.

विक लांगेनहोफ या पत्रकाराचं स्वतःचं मूल असंच अपघातात गेलं होतं. १९७२ मध्ये त्याने वृत्तपत्रात लेख लिहिला. मथळा होता 'बालहत्या थांबवा'. शब्द कठोर होते, पण लोकांच्या काळजाला भिडले. याच नावाची संघटना उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष झाली अ‍ॅमस्टरडॅममधली एक तरुण आई, मार्ट्ये व्हान पुटेन. पुढे ती युरोपीय संसदेची सदस्यही झाली.

या पालकांनी काय केलं? जिथे वारंवार अपघात होत, त्या जागी जाऊन ठिय्या दिला. सायकल मोर्चे काढले. एखाद्या दिवसापुरता रस्ता बंद करून तो मुलांना खेळायला दिला. रस्त्यातच टेबलं मांडून गल्लीचं सहभोजन केलं. पंतप्रधान योप डेन आउल यांच्या घरासमोर जाऊन गाणी म्हटली आणि मुलांसाठी सुरक्षित रस्ते मागितले. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका दाटीवाटीच्या वस्तीत तर मुलांनीच गल्ली अडवली. चिडलेल्या मोटारवाल्यांनी अडथळे ओढून बाजूला केले, पण मुलं हटली नाहीत.

केवळ घोषणा देऊन हे पालक थांबले नाहीत. सरकारी अनुदान मिळालं, तेव्हा गल्लीबोळ कसे आखावेत याचे आराखडेच त्यांनी पुढे ठेवले. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही मोटारींचा फेरविचार करायला लावलं. १९७६ मध्ये कायद्याने निवासी गल्ल्यांचा एक नवा प्रकार मान्य झाला. तिथे माणसांनी रस्त्याच्या मधूनही चालावं, मुलांनी खेळावं आणि मोटारीने माणसाच्या चालीने जावं! २०१० साली त्या देशात रस्त्यावर दगावलेल्या मुलांची संख्या १४ होती. सगळंच श्रेय पालकांचं नाही. वैद्यकीय उपचार सुधारले, वाहनंही सुधारली. पण सुरुवात करून दिली ती त्यांनीच.

आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक बळी गेले. तरीही आपण मुलांनाच बजावतो, ''नीट बघून चाल.'' ते शिकवायलाच हवं. पण सात वर्षांच्या मुलाला वाहनाचा वेग अचूक जोखता येत नाही. ते मोठ्यांचं काम आहे.

'राजकारण आपल्यासारख्यांचं काम नव्हे' असं म्हणून आपण दार लावून घेतो. मुलांना मत नसतं, ते आपल्याला असतं, हे मात्र विसरतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्यांची तरतूद केली आहे. मत मागायला आलेल्या उमेदवाराला पाण्याच्या नळाबद्दल विचारतो, तसं शाळेसमोरच्या फुटपाथबद्दल विचारायला काय हरकत आहे? मागणी मात्र नेमकी हवी. एक स्पीडब्रेकर, पांढरे पट्टे, शाळा सुटताना अर्धा तास वाहनांना बंद असलेली गल्ली.

त्या प्रसंगानंतर आम्ही सहा पालकांनी मिळून असा एक अर्ज दिला आहे. सर्वांत पहिली सही आहे धपाटा घालणाऱ्या त्या आईची. पट्टे अजून उमटलेले नाहीत. पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी सहाच्या जागी साठ जण असावेत अशी खटपट चालू आहे.

तुमच्या मुलाच्या शाळेसमोरचा रस्ता कसा आहे?