एजंटच्या आधी तुम्ही भेटा: प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स यांना खुले पत्र

प्रति,
प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स,
परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

नागपुरात धरमपेठेत, लक्ष्मीनगरात धुणीभांडी करणारी बाई आखातात कामाला जायचे ठरवते तेव्हा तिला एजंट भेटतो, तुमचे खाते भेटत नाही. महाराष्ट्रातले तुमचे कार्यालय मुंबईत, इथून आठशे किलोमीटरवर. असे काही कार्यालय असते हेच तिला कुणी सांगितलेले नसते.

दहावी न झालेल्या बाईचा पासपोर्ट ईसीआर वर्गातला, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी मंजुरी लागणारा. तिला 18 देशांपैकी कुठेही नोकरीला जायचे तर तुमची मंजुरी हवी, वय तिशीपुढचे हवे, आणि 2016 पासून तिची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हायला हवी. हेतू चांगला आहे, मला मान्य आहे. पण केरळातल्या बाईला नोर्का रूट्स आणि ओडेपेक ही सरकारी भरतीची दारे आहेत. आमच्या बाईला एजंटचा मोबाईल नंबर आहे. तो म्हणतो, व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर पक्के करून देतो. फिरायला निघालेल्या बाईला तुमची मंजुरी लागतच नाही. मग तिच्या हाती ना कुणी तपासलेला करार राहतो, ना प्रवासी भारतीय बीमा योजनेचे 10 लाखांचे संरक्षण. त्या विम्याचा दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये आहे!

तिथे तिचे राहणेच ती ज्याच्या घरी काम करते त्या मालकाच्या सहीवर अवलंबून. तोच कफील, म्हणजे प्रायोजक; तोच तिचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना काढणार, तोच वाढवून देणार. पगार बुडाला, मार बसला म्हणून ती घराबाहेर पडली, तर ‘पळून गेली’ अशी तक्रार तो नोंदवू शकतो. सौदीत याला हुरूब म्हणतात. दाद मागायला निघालेली बाई दूतावासाच्या दारात पोहोचते तेव्हा कागदोपत्री तीच दोषी ठरलेली असते. कुवेतने 2015 साली घरकामगारांसाठी कायदा केला: दिवसाला जास्तीत जास्त 12 तास काम, आठवड्याला सुट्टी, पासपोर्ट मालकाने ठेवायचा नाही. भारताने घरकामगारांसाठी सौदीशी 2014 मध्ये आणि कुवेतशी 2021 मध्ये करार केले. पण बंद दाराआडच्या स्वयंपाकघरात ही कलमे कोण बघणार? मोबाईल काढून घेतला की तिचा आवाज तिच्या लेकरांपर्यंतही पोहोचत नाही.

मोलकरणीला कामगार म्हणा, ही मागणी आमच्या शहराने फार आधी लावून धरली. डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांच्या विदर्भ मोलकरीण संघटनेने त्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली. 2008 साली राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्या कायद्याची हद्द विमानतळावर संपते. तिथून पुढची जबाबदारी तुमची आहे.

म्हणून मागते आहे. नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात ठरलेल्या वारी तुमचा अधिकारी बसवा. बाई अर्ज करायला येते तेव्हाच तिला मराठीत सांगा की कफील म्हणजे काय, करार कसा वाचायचा, दूतावासाचा नंबर कोणता. सरकारी भरतीची सोय विदर्भापर्यंत आणा. तिशीची अटही पुन्हा तपासा. दोन लेकरांची पंचविशीतली विधवा त्या अटीमुळे थांबत नाही, आडवाटेने जाते. आणि ज्या आधीच व्हिजिट व्हिसावर जाऊन कामाला लागल्या आहेत, त्यांना आपल्या दूतावासात न घाबरता नोंदणी करू द्या. करार आणि विमा त्यांना तिथेच मिळू द्या.

आपली,
एक नागपूरकर