बायकांचा डाव

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या पिरनवाडीत घराच्या पायरीवर कुणी मुलगी गजगे मांडून बसली, की घरातून हाक येतेच, ‘उठ, खेळत काय बसलीस!’ मुलग्याच्या क्रिकेटला ही हाक सहसा येत नाही.

वास्तविक गजगे उडवून झेलण्याचा हा खेळ फार जुना. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरात एक संगमरवरी चित्रफलक सापडला. त्यात दोन स्त्रिया गुडघे टेकून बसल्यात. हाडाचे खडे वर उडवून एकीने त्यातले काही पंजाच्या पाठीवर झेललेत. आपल्या गजग्यांचाच हा हात! उम्मिदिया क्वाद्रातिल्ला ही श्रीमंत रोमन बाई तर जवळपास 80 वर्षे जगली आणि फावल्या वेळी पटावर सोंगट्या खेळायची. रोमन लेखक धाकट्या प्लिनीने पत्रात तसे लिहून ठेवले आहे. नातवाला मात्र ती त्या वेळी अभ्यासाला पिटाळायची.

आपल्याकडे तर वेरूळच्या 29व्या लेण्यात पार्वती साक्षात शंकराशी सारीपाट खेळते.

अर्थात, पैसे लावून संसार उधळणारा जुगार वाईटच, बाईचा असो वा पुरुषाचा. पण बाईचा निव्वळ खेळही वाया गेलेला वेळ ठरतो, हा अन्याय आहे. सीमाभागातल्या शाळांनी वार्षिक स्पर्धांत गजग्यांना जागा द्यावी आणि डाव शिकवायला गावातल्या आज्यांना बोलवावे.