सरकारे जातात, तरतुदी उरतात
मार्च 1977 मध्ये मोरारजी देसाई पंतप्रधान झाले, तेव्हा लोकांना वाटले, आता सगळेच बदलणार. जुलै 1979 मध्ये त्यांचे सरकार कोसळले, तेव्हा वाटले, या देशात काहीच बदलत नाही. दोन्ही अंदाज चुकले, कारण दोन्ही वेळा नजर फक्त नेत्यांवर खिळलेली होती. त्यांच्या जनता पक्षातली भांडणे चव्हाट्यावर आली आणि जानेवारी 1980 मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या, हे खरेच. पण 1978 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या 44 व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठी ‘अंतर्गत अशांतते’चे कारण काढून ‘सशस्त्र उठावा’ची अट घातली आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित होणार नाही, अशी हमी दिली, ती आजही कायम आहे. त्याच सरकारमधले रेल्वेमंत्री, राजापूरचे खासदार मधू दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर फोमच्या गाद्या आणल्या, त्याही टिकल्या. कुणी म्हणेल, एवढ्याने पोट भरत नाही. मान्य, पण मोठी आशा मोडली म्हणून पदरात पडलेलेही नाकारले, तर ते राखण्यासाठी उभे कोण राहणार? म्हणून नव्या नेत्याचा जयजयकार किंवा धिक्कार करण्याआधी त्याच्यामागे कोणता कायदा, कोणती सोय उरणार आहे, ते तपासावे; आशेला आणि निराशेलाही आधार तिथेच मिळतो.