बर्लिनचे टेक्नो क्लब उघडले, पण बास जातोय कुणाच्या घरात?

बर्लिनच्या टेक्नोची बातमी आपल्याकडे ‘पार्ट्या परत सुरू झाल्या’ एवढ्यावरच संपते. मला त्यातली आवाजाची भानगड जास्त महत्त्वाची वाटते. आवाज म्हणजे अगदी हर्ट्झमध्ये मोजायचा आवाज. कोरोनाकाळात हे क्लब ऑनलाइन का रमले नाहीत आणि आता उघडल्यावरही अडचणीत का आहेत, दोन्हीचं बरंचसं उत्तर तिथेच मिळतं.

1989 मध्ये भिंत पडली तेव्हा पूर्व बर्लिनमध्ये रिकाम्या इमारती भरपूर होत्या. ‘ट्रेझॉर’ 1991 मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत सुरू झाला. ‘बर्गहाइन’ तर जुन्या वीजकेंद्रात आहे. जाड काँक्रीट, प्रचंड उंची आणि तक्रार करायला आसपास फारसं कुणी नाही. या संगीताला हेच तर हवं होतं.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. काही दिवसांतच ‘युनायटेड वी स्ट्रीम’ हा उपक्रम उभा राहिला: रिकाम्या क्लबमधून डीजेंचे सेट थेट प्रक्षेपित करायचे आणि बघणाऱ्यांकडून देणग्या घ्यायच्या. कल्पना झकास होती. पण टेक्नोचा मुख्य ठोका साधारण 50 हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्या लाटेची लांबी जवळजवळ 7 मीटर भरते. एवढी लाट ढकलायला मोठा पडदा आणि भरपूर हवा लागते. फोनचा इवलासा स्पीकर ते करूच शकत नाही. गणपती मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहून छातीत धडधड झाली असेल, तर त्याच क्षणाचा व्हिडिओ घरी फोनवर लावून बघा. नुसती टकटक ऐकू येते! इंटरनेटचा स्पीड कितीही वाढवा, त्यात फरक पडत नाही.

त्यामुळे मार्च 2022 मध्ये बर्लिनच्या क्लबांमध्ये नाचायला पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा लोक परतले, याचं मला आश्चर्य वाटत नाही. मार्च 2024 मध्ये तर बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत जागा मिळाली. (ही युनेस्कोची जागतिक यादी नव्हे, तशी गल्लत बऱ्याच बातम्यांत झाली.) आणि त्याच वर्षाच्या शेवटी स्प्रे नदीकाठचा ‘वॉटरगेट’ हा 2002 पासूनचा नावाजलेला क्लब बंद झाला. कारण म्हणजे वाढलेलं भाडं आणि खर्च.

आता गंमत बघा. जी लाट फोनमधून बाहेर पडत नाही, ती भिंतीतून मात्र आरामात जाते. भिंत बारीक, तीक्ष्ण आवाज बऱ्यापैकी अडवते, जाड आवाज नाही. पूर्वीच्या रिकाम्या जागांवर आज फ्लॅट उभे आहेत आणि पहाटे चार वाजता पलंग थरथरला तर माणूस तक्रार करणारच. त्याचं काही चुकत नाही.

यावर उपाय आहेत. डान्सफ्लोअर रबराच्या किंवा स्प्रिंगच्या आधारावर ‘तरंगता’ ठेवायचा. दोन भिंतींत हवेची पोकळी सोडायची. सबवूफर अशा अंतरावर लावायचे आणि एकाचा आवाज इतका उशिरा व उलटा सोडायचा, की मागच्या बाजूच्या लाटा एकमेकींना मारतात आणि पुढच्या मिळून जोरात जातात. पण बांधकामाचं काम महाग असतं, आणि भाड्याच्या जागेत कोण एवढा पैसा घालणार? बर्लिनने त्यासाठी निधी काढला, तो चांगलाच. मला मात्र इंग्लंडने 2018 मध्ये नियोजन धोरणात घातलेलं तत्त्व जास्त पटतं: जो नंतर बांधायला आला, त्याने आवाज रोखण्याची सोय करायची. मे 2021 मध्ये जर्मन संसदेने क्लबांना बांधकाम नियमांत करमणुकीच्या अड्ड्यांऐवजी सांस्कृतिक जागा माना, असा ठराव केला. पण ठराव म्हणजे कायदा नव्हे.

आणि जिथे जागाच जाणार, तिथे रबराचे आधार काय करणार? ए100 हा शहरी महामार्ग पुढे फ्रीडरिशहाइनकडे वाढवायची योजना आहे. त्या पट्ट्यात ‘अबाउट ब्लँक’ सारखे क्लब आहेत.